नवा डेस्कटॉप, पण प्रोसेसर लगेच १०० अंशांवर. उन्हाळा की फिटिंग?

शूटिंगवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो (जि. यवतमाळ), लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. इतकी वर्षं जुन्या लॅपटॉपवर कसंबसं काम चाललं. यंदा सोयाबीनच्या पैशातले थोडे बाजूला काढले, थोडे मामांकडून घेतले आणि डेस्कटॉप बनवून आणला.

इंटेल आय-फाइव्ह १२४००, बी६६० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान डिस्क) आणि जुनी हार्डडिस्क. ग्राफिक कार्ड नाही. पंखा प्रोसेसरच्या डब्यातलाच. कॅबिनेटला समोरून पूर्ण काच, मागे एक पंखा. जोडणी शहरातल्या दुकानातच झाली, तिथून बोलेरोत मागे ठेवून गावी आणला.

नुसतं ब्राउझर उघडलं तरी ५५ ते ६०. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट लावलं (तयार फाइल काढायला घेतली) की थेट १००, पंखा बोंबलायला लागतो आणि वेग पडतो. दुपारी खोलीत ३८-३९ अंश असतात हे खरं आहे. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, तुमच्याकडचा उन्हाळाच तसा, एसी बसवा. गावातही सगळे तेच म्हणून राहिले. पण एवढे पैसे घालून लॅपटॉपइतकाच वेग मिळत असेल तर काय उपयोग? अक्षय तृतीयेच्या लग्नांचं सगळं फुटेज पडून आहे. हे उन्हाचं आहे की मशीनमध्येच काही आहे, कसं ओळखायचं?

पूर्णाकाठ
खोलीत कूलर आहे का? आणि कॅबिनेट कुठे ठेवलंय, टेबलाच्या बंद खणात तर नाही ना?

कपाशी_अकोट
भाऊ, उनच हाय हे. आमच्या अकोल्याच्या मे महिन्यात माणूसच १०० वर जाते, मंग मशीन काहून नाई जाणार? मी माह्या झेरॉक्सच्या दुकानात साइडचं झाकण काढून टेबल फॅन लावला, चार वर्षं झाले, चालू हाय. एसीच्या नादी नोका लागू.

सोल्डर_आणि_सर्किट
उन्हाळ्यावर ढकलण्याआधी एक गोष्ट पाहून सांगा: १०० वर जायला वेळ किती लागतो?

एचडब्ल्यूइन्फो उतरवून घ्या, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट. सेन्सरची खिडकी उघडून 'सीपीयू पॅकेज'च्या ओळीवर (प्रोसेसरचं तापमान) लक्ष ठेवा आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) सुरू करा. सुरुवातीला वीस-पंचवीस अंशांची उडी प्रत्येक प्रोसेसर मारतो, तिला घाबरू नका. त्यानंतर काय होतं ते महत्त्वाचं. आकडा हळूहळू चढत आठ-दहा मिनिटांनी वर पोचला तर कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाहीये. दोन-चार सेकंदांतच १०० झाला तर पंख्याखालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरवर नीट टेकलेलाच नाही. अ‍ॅल्युमिनियमचा तेवढा ठोकळा चार सेकंदांत तापूच शकत नाही. म्हणजे उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाहीये, आतल्या आत अडकली आहे.

दुसरी तपासणी हाताने करायची. लोड चालू असताना पंख्याच्या पात्यांपासून बोट लांब ठेवून ठोकळ्याच्या कडेला स्पर्श करा. स्क्रीनवर १०० आणि ठोकळा नुसता कोमट, असं असेल तर दुकानदार, उन्हाळा, एसी सगळं विसरा आणि फिटिंग पाहा.

मुळामुठा
माझ्याकडे हाच प्रोसेसर, हाच डब्यातला पंखा आहे. पुण्यात खोली २७ अंशांवर असताना सिनेबेंच दहा मिनिटं चालवलं की ७६ च्या आसपास स्थिरावतो. १०० कधी पाहिला नाही.

कपाशी_अकोट
पुण्याचे २७ अन् दारव्ह्याचे ३९ सारखे हायेत का भाऊ?

अंशमात्र
कपाशी, सारखे नाहीत, पण फरक किती पडतो ते मोजता येतं. हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. किती वर, ते दोन गोष्टींवर ठरतं: प्रोसेसर किती वॅट खातो आणि ठोकळा-पंखा मिळून ती उष्णता किती सहज बाहेर टाकतात. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही ढोबळमानाने दहा अंशांनीच तापतो.

मुळामुठा यांचा ७६ वजा २७ म्हणजे ४९. दारव्ह्याच्या ३८ मध्ये ४९ मिळवा, ८७ होतात. कॅबिनेट कोंदट आहे म्हणून आणखी तीन-चार धरा. तरी ९० च्या आसपास थांबायला हवं, तेही बऱ्याच वेळाने. १०० ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग तोडतो. म्हणजे आकडा १०० वर थांबलेला दिसतो तेव्हा मर्यादा नसती तर तो आणखी किती वर गेला असता ते कळतच नाही. उन्हाळ्याचा वाटा दहा-बारा अंशांचा आहे. बाकीचं दुसरं काहीतरी आहे.

निवांत_वाशीम
पण इंटेलच १०० पर्यंत चालतं म्हणतं ना? मग चालू द्या. जळणार नाही.

सोल्डर_आणि_सर्किट
जळणार नाही, बरोबर. पण १२४०० सहाही कोअरवर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) ४ गिगाहर्ट्झ वेगाने पळू शकतो आणि त्यासाठीच पैसे मोजले आहेत. तापून तो ३ किंवा त्याखाली आला तर तेवढे पैसे वाया. ज्याचं पोट एक्स्पोर्टच्या वेगावर आहे त्याला 'चालू द्या' कसं म्हणायचं?

शूटिंगवाला_दारव्हा
सगळ्यांचे आभार. आत्ता पाहिलं. सिनेबेंच सुरू केल्याबरोबर, श्वास घेऊन सोडेपर्यंत ९८ आणि लगेच १००. बंद केलं की तितक्याच झटक्यात ६० वर उतरतं. कपाशीभाऊंनी सांगितलं तसं साइडचं झाकण काढून टेबल फॅन लावला, एक-दोन अंशांचा फरक पडला, बस. ठोकळ्याला बोट लावलं तर खरंच कोमट होता.

आणखी एक, बोट लावताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात टेकला तर झिणझिण्या आल्या. हेही त्याचंच काही आहे का?

पूर्णाकाठ
झिणझिण्यांचं कारण अर्थिंग. तापण्याशी संबंध नाही, पण दुर्लक्ष करू नका. एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेले छोटे कॅपॅसिटर असतात, विजेतला 'नॉइज' गाळण्यासाठी. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड झाला तर अर्थिंगशिवाय तुम्हाला वाचवणारं काही नाही. आमच्याकडे कित्येक घरांत तीन खिळ्यांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. वायरमनला बोलावून अंगणात खड्डा करून रीतसर अर्थिंग करून घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, माती पार कोरडी होते.

रेवा_परतवाडा
+१. आणि कॅबिनेट उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सोल्डर_आणि_सर्किट
दारव्हा भाऊ, निदान झालं. झटक्यात चढणं, झटक्यात उतरणं, झाकण काढून फरक नाही, ठोकळा कोमट. पंखा प्रोसेसरवर नीट बसलेला नाही.

आता पंखा कसा दिसतो ते सांगा. काळा, कडेने निळी रिंग आहे का? असेल तर १२व्या पिढीसोबत येणारा बरोबरचा पंखा आहे. चांदीच्या रंगाचा जुना असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या १२०० पिनांच्या सॉकेटला (प्रोसेसर बसतो ती जागा) पंख्याच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, तुमच्या १७०० च्या सॉकेटला ते ७८ झालं. जुना पंखा कोणी जबरदस्तीने दाबून बसवला तर एक कोपरा वर राहतोच.

चांदा_ते_बांदा
स्टिकर पाहिलं का? खाली पारदर्शक पट्टी असते, 'काढा आणि मग बसवा' असं लिहिलेली. निम्म्या केसेस त्याच्याच असतात.

सोल्डर_आणि_सर्किट
ती पट्टी वेगळ्या विकत घेतलेल्या उंच टॉवर कूलरला असते. डब्यातल्या पंख्याला उष्णता ठोकळ्यात पोचवणारी करड्या रंगाची पेस्ट कंपनीतूनच लावून येते, पट्टी नसते.

सिलिकॉन_सातपुडा
१७०० च्या सॉकेटचा खरा आजार कोणी बोलतच नाहीये. सॉकेटची पकड प्रोसेसरला मधोमध दाबते, त्याने प्रोसेसरवरचं धातूचं झाकण किंचित वाकतं आणि ठोकळा मध्ये टेकतच नाही. त्यासाठी वेगळी फ्रेम मिळते. ती लावा, चार-पाच अंश उतरतील.

अंशमात्र
वाकण्याचा प्रकार खरा आहे, पण त्याने चार-पाच अंशच पडतात हे तुम्हीच लिहिलंत. इथे प्रश्न त्याहून कितीतरी मोठा आहे. शिवाय ती फ्रेम लावायला सॉकेटचे स्क्रू खोलावे लागतात, जास्त आवळले तर रॅम ओळखायची बंद होते. गावात बसून नवशिक्या माणसाने त्यात हात घालू नये.

मुळामुठा
मग सरळ वॉटर कूलिंग घ्या ना. एकदाच काय तो खर्च.

रेवा_परतवाडा
वॉटर कूलिंगचं पाणीही शेवटी खोलीतल्या हवेनेच थंड होतं. ३९ च्या खोलीत ते ३९ च्या खाली जाणार नाही. आणि पंप बिघडला तर इथून सर्व्हिस सेंटरला पाठवायचं, परत यायचं, तोपर्यंत लग्नाचा सीझन संपतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही. फारच वाटलं तर दोन हजारांच्या आसपास चार हीट पाइपवाला (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) टॉवर कूलर येतो, तो पुरून उरेल. पण आधी आहे तो तरी नीट बसवून पाहू द्या की त्यांना.

शूटिंगवाला_दारव्हा
पंखा काळाच आहे, निळी रिंग आहे. चार कोपऱ्यांवर चार काळ्या पिना आहेत. पिना नीट बसल्यात की नाही ते कसं कळतं?

सोल्डर_आणि_सर्किट
सविस्तर लिहितो, कारण हे काम घाईत बिघडतं.

मशीन बंद, प्लग बाहेर, कॅबिनेट आडवं, मदरबोर्ड वर. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की पिन सुटते. म्हणजे बसलेल्या अवस्थेत ती बाणाच्या उलट, घड्याळाच्या काट्याप्रमाणे शेवटपर्यंत फिरलेली हवी. चारही डोकी एका उंचीवर आहेत का ते डोळा कडेला नेऊन पाहा. एखादं वर आलेलं दिसलं तर तोच गुन्हेगार.

मग मागचं झाकण काढा. बहुतेक कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या मागे पत्र्याला चौकोनी खिडकी असते. तिथून पांढऱ्या प्लास्टिकच्या चिमट्याची टोकं दिसतात. काळी पिन त्या चिमट्याच्या मधून आरपार आलेली आणि पांढरी टोकं फाकलेली दिसली पाहिजेत. ज्या कोपऱ्यात काळी पिन दिसत नाही तो कोपरा बसलेला नाही.

एकच कोपरा सुटला असेल तरी तो नुसता दाबून चालणार नाही. ठोकळा तिरपा राहून पेस्ट एका बाजूला सरकलेली असते, मध्ये हवा शिरलेली असते. पेस्टच्या तुलनेत हवा उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही. पंखा काढा, दोन्हीकडची जुनी पेस्ट पुसा, नवी लावा आणि पुन्हा बसवा. बसवताना आधी समोरासमोरच्या तिरक्या दोन पिना एकदम दाबा, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. बोर्ड वाकतो, त्यामुळे शक्य असेल तर बोर्ड बाहेर काढून, मागून हात लावून बघत दाबा. शेवटी पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावा.

कपाशी_अकोट
अन् पेस्ट खेड्यात कुठं भेटते जी? टूथपेस्ट लावली तं?

रेवा_परतवाडा
टूथपेस्ट नको! चार दिवस बरी चालते, मग वाळून तडकते आणि पुन्हा तेच. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे विचारा, तालुक्याला नक्की कोणीतरी ठेवतं. नाही तर ऑनलाइन मागवा, छोटी ट्यूब स्वस्तच असते. मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी पुरे, ठोकळा दाबला की आपोआप पसरते.

पुसायला मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल मिळतं का पाहा. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो. आणि घरात कापूस भरपूर असला तरी कापसाच्या बोळ्याने पुसायचं नाही, तंतू चिकटतात. टिश्यू पेपर घ्या.

निवांत_वाशीम
दुकानदाराने इतकं बेजबाबदार काम करावं? पैसे परत मागा.

सोल्डर_आणि_सर्किट
दुकानदाराने कदाचित बरोबर बसवलंही असेल. या पिनांची पकड प्लास्टिकची असते. एखादी पूर्ण फिरलेली नसेल तर दुकानात चालते आणि पुढे गाडीत हादरे खाऊन सुटते. बोलेरोच्या मागच्या बाजूला, आपल्या आतल्या रस्त्यांवर, उभं ठेवलेलं कॅबिनेट... मी दुरुस्तीला येणाऱ्या मशीन पाहतो, पावसाळ्यानंतर रस्ते उखडले की असे प्रकार वाढतात. नवं मशीन गाडीतून आणताना कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खालच्या अंगाला, खाली गादी किंवा पोतं. आणि घरी आल्यावर पहिलं बटण दाबण्याआधी झाकण उघडून पिना आणि केबल एकदा पाहून घ्या.

पण फोनवर 'एसी बसवा' सांगणं चूकच. त्यांनी एवढं तरी विचारायला हवं होतं की तापायला किती वेळ लागतो.

पूर्णाकाठ
कूलरबद्दल विचारलं होतं ते राहूनच गेलं. मी दर्यापूरकडचा. आमच्या खारपाणपट्ट्यात डेझर्ट कूलर आणि कॉम्प्युटर एका खोलीत ठेवताना जपावं लागतं. कोरड्या हवेत कूलर फार चांगलं काम करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान (पाणी सुकताना हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) २३ च्या आसपास असतं, त्यामुळे चांगल्या वाळ्याच्या ताट्या असतील तर कूलरमधून २८-३० ची हवा येते. प्रोसेसरला तेवढाच दहा अंशांचा आराम.

अडचण पाण्याची आहे. आमचं बोअरचं पाणी खारं. कूलरच्या झोतासोबत बारीक तुषार उडतात, ते वाळले की पांढरा थर राहतो. कूलरच्या जाळीवर दिसतो तोच थर मदरबोर्डवर बसला तर पिना गंजतात. म्हणून झोत कधीही कॅबिनेटकडे नको, समोरच्या भिंतीकडे हवा. खोलीची एक खिडकी उघडी ठेवा, नाही तर ओल कोंडते आणि कूलर नुसता पंखा होऊन बसतो.

निवांत_वाशीम
पण ओलीने आत पाणी साचणार नाही का?

अंशमात्र
चालू मशीनवर नाही. दव गार वस्तूवर पडतं आणि चालू मशीनचा प्रत्येक भाग खोलीतल्या हवेपेक्षा गरम असतो. भीती ओलीची नाही, तुषारांमधल्या क्षारांची. पूर्णाकाठ यांनी बरोबर सांगितलं.

चांदा_ते_बांदा
एक शंका. हे सॉफ्टवेअरचे आकडे खरे कशावरून? २०२४ च्या मे महिन्यात नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तसंच इथे असलं तर?

सोल्डर_आणि_सर्किट
रास्त शंका. म्हणूनच बोटाची तपासणी सांगितली. एकट्या आकड्यावर विसंबू नये. पण इथे वेगही पडतोय, म्हणजे प्रोसेसर स्वतः त्या सेन्सरचं ऐकतोय. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे (तापल्यामुळे वेग तोडणं) 'येस' दिसलं की आकड्याला साक्षीदार मिळाला. बायोसमधला (मशीन सुरू होताना उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) आकडा मात्र सॉफ्टवेअरपेक्षा जास्त दिसतो, कारण तिथे वीज वाचवण्याच्या सोयी चालू नसतात. तो पाहून घाबरू नका.

शूटिंगवाला_दारव्हा
मंडळी, काम झालं!

तालुक्याला मोबाइलवाल्याकडे पेस्ट मिळाली, मेडिकलमध्ये आयसोप्रोपिलही मिळालं. मागची खिडकी उघडून पाहिलं तर तीन कोपऱ्यांत काळी पिन आरपार दिसत होती, रॅमच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात नुसता पांढरा चिमटा. पंखा काढला तर पेस्ट एका बाजूला पातळ पसरलेली आणि सुटलेल्या कोपऱ्याकडे जशीच्या तशी, पट्ट्या पट्ट्या दिसत होत्या, तिथे प्रोसेसरला स्पर्शच नव्हता. लहान भावाने मागून टॉर्च धरला, चारही पिना टक् टक् बसल्या.

खोली ३७ अंश, सिनेबेंच दहा मिनिटं: शेवटी ८६ वर स्थिरावला. वेग पूर्ण वेळ ४ गिगाहर्ट्झ. नुसत्या ब्राउझरला ४७-४८. ठोकळ्याला हात लावला तर आता तो चांगला गरम लागतो, आणि ते पाहून इतका आनंद झाला की काय सांगू. अंशमात्र यांनी ८७ सांगितले होते, एका अंशाचा फरक. ज्या फाइलला पाऊण तास लागत होता ती आज पंचवीस मिनिटांत निघाली.

आता एकच प्रश्न. ८६ ठीक आहे का? मे अजून संपायचा आहे, खोली ४१ पर्यंत जाते.

कपाशी_अकोट
वा भाऊ! मी उन म्हणत होतो पण पिनच निघाली. आता माह्याही दुकानातल्या मशीनचं झाकण खोलून पायतो.

अंशमात्र
४१ ला ९० होईल. मर्यादेच्या आत आहे, पण अंतर कमी आहे.

रेवा_परतवाडा
मीही एडिटिंग करते, म्हणून दोन गोष्टी सुचवते.

एक, १२४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. प्रीमिअरच्या एक्स्पोर्टमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग' निवडा, मग बराचसा भार क्विक सिंक, म्हणजे त्या ग्राफिक्समधला व्हिडिओचा भाग, उचलतं, कोअर मोकळे राहतात आणि वेळही वाचतो. १२४०० एफ घेतला असता तर ही सोय मिळाली नसती, तुमची निवड चांगली झाली.

दोन, बायोसमध्ये 'पीएल१' आणि 'पीएल२' (प्रोसेसरने किती वीज खावी याच्या मर्यादा) पाहा. इंटेलने या प्रोसेसरला कायमचे ६५ आणि थोड्या वेळापुरते ११७ वॅट ठरवून दिले आहेत, पण बरेच मदरबोर्ड ती मर्यादा काढून टाकतात. पीएल१ ६५ करा. वेग किंचित कमी होईल, उष्णता मात्र चांगली उतरेल.

पूर्णाकाठ
आणि ती समोरची काच! हवा शिरायला जागाच नाही. कडेला फट असेल तर आत एक पंखा बसवा, हवा आत ओढणारा. पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो. नसेल तर लक्षात ठेवा, ज्या बाजूने मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

शूटिंगवाला_दारव्हा
दोन्ही केलं. पीएल१ ६५, समोर जुन्या कॅबिनेटमधला एक पंखा. त्याच दुपारच्या खोलीत सिनेबेंचला ८० आणि हार्डवेअर एन्कोडिंगने एक्स्पोर्ट करताना ७० च्या आसपासच राहतो. वायरमन सोमवारी अर्थिंग करून देणार आहे. झोप लागेल आता.

सेवाकेंद्र_तुमसर
धागा पूर्ण वाचला, फार उपयोगी. माझं सेवा केंद्र आहे, शेजारी राईस मिल. मशीन दोन वर्षं जुनं, सकाळी चांगलं चालतं, पण पीक विम्याची गर्दी सुरू झाली की अर्ध्या तासाने ९५ वर जातं आणि साइट उघडायलाही वेळ लागतो. माझ्याही पिना सुटल्या असतील का?

सोल्डर_आणि_सर्किट
ताई, तुमचं हळूहळू चढतंय, म्हणजे पिनांवर संशय नको. कोंड्याची धूळ असणार. ठोकळ्याच्या पात्यांमध्ये आणि एसएमपीएसच्या जाळीत पाहा, करडा थर जमलेला दिसेल.

सेवाकेंद्र_तुमसर
उघडून पाहिलं. थर नाही, गादीच झाली आहे! समोर पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे, त्याने उडवू का?

सोल्डर_आणि_सर्किट
नको. त्या टाकीत पाणी आणि तेल साचलेलं असतं, दाबही फार असतो. हाताने चालवायचा ब्लोअर आणि मऊ ब्रश घ्या. प्लग काढून मशीन अंगणात न्या, तोंडाला रुमाल बांधा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, झोताने ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग खराब होतं. एसएमपीएस उघडायचा नाही, बाहेरूनच जाळीतून उडवा, आत प्लग काढल्यावरही वीज साठलेली असते. मिल शेजारी आहे तर महिन्यातून एकदा हे करावंच लागेल. धानाच्या हंगामात पंधरा दिवसांनी करा.